उजव्या डोळ्यामागे

दुखणं थांबलं तेव्हा केसरीनाथला कुणाचा तरी गळा धरावासा वाटला. ठाण्यातल्या त्या दवाखान्यात पडद्याआडच्या अरुंद कॉटवर तो पाय खाली सोडून, पुढे वाकून बसला होता. तोंडावर प्लास्टिकचा मास्क, मास्कखाली लोंबणारी पारदर्शक पिशवी, आणि तिथून निघालेली नळी भिंतीतल्या तोटीत गेलेली. मास्क बसवताना डॉक्टरीणबाई काहीतरी म्हणाल्या होत्या. खोल श्वास घ्या, मी सांगेपर्यंत काढू नका, असलं काहीतरी. त्याला ते धड ऐकू आलं नव्हतं. नारपोलीच्या लूममध्ये धोटा एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर आपटतो, तसं जरी हे दुखणं असतं तरी दोन ठोक्यांच्या मधे जागा मिळाली असती. याला मधली जागाच नव्हती. उजव्या डोळ्याच्या मागे शिरून ते सलग दाबत राही, डोळा आतून बाहेर ढकलत राही. आणि आता, भिंतीतून आलेली ती कोरडी, बेचव हवा छातीत ओढता ओढता, एकाएकी ते जरासं ढिलं पडलं. मग आणखी ढिलं. ओहोटीला खाडीचं पाणी मागे सरावं आणि चिखल उघडा पडत जावा तसं ते सरकत सरकत कानामागे गेलं, मानेत उतरलं आणि नाहीसं झालं. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चहा निवायला लागतो तेवढा वेळ गेला होता. एवढाच. त्या उघड्या पडलेल्या चिखलात आनंद शोधायला तो वाकला, तर हाताला राग लागला.

"गेलं?" डॉक्टर अदिती प्रधान पडदा बाजूला करून आत आल्या. वयाने त्याच्यापेक्षा बऱ्याच लहान. नारपोलीच्या एका म्हाताऱ्या दातांच्या डॉक्टरांनी त्याला इकडे धाडलं होतं. केसरीनाथ पाचवी दाढ काढून घ्यायला त्यांच्याकडे गेला होता आणि त्यांनी आरसा आत घालून बघितलं, मग आधीच्या चार मोकळ्या जागा बघितल्या आणि विचारलं होतं, या दाढा कुणी काढल्या हो, यातली एक तरी किडलेली होती का? बाईंनी त्याची सगळी हकीकत शांतपणे ऐकून घेतली होती आणि सांगितलं होतं, उद्या दुपारी तुमच्या दुखण्याच्या वेळेला इथेच येऊन बसा. तो येऊन बसला होता, आणि दुपारी दोनच्या सुमारास तेही नेमाने आलं होतं.

"याला क्लस्टर हेडेक म्हणतात," बाई म्हणाल्या. "झुपक्याने येतं. काही आठवडे रोज, ठरल्या वेळी, आणि मग महिनोन् महिने गप्प. माणसाला होणाऱ्या सगळ्यात वाईट दुखण्यांपैकी हे एक. भिंतीवर डोकं आपटणारे मी पाहिलेत. तुम्ही वेडे नाही आहात." मग त्यांनी औषध समजावलं. झुपका चालू असेतो रोज घ्यायच्या गोळ्या, त्या हृदयाच्या असतात म्हणून घाबरायचं नाही, आधी छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढायची. आणि कळ उठली की हा ऑक्सिजन, घरी सिलिंडर ठेवायचा. "आणि एक पाळा. या दिवसांत दारूचा थेंबही नको. दारूने हे दुखणं लगेच उठतं. थेंब पुरतो."

केसरीनाथ हसला. ते हसणं असं काही निघालं की पलीकडची नर्स वाकून बघायला लागली.

परतताना तो शेअर रिक्षात पुढे, ड्रायव्हरशेजारी अर्ध्या सीटवर बसला होता. काल्हेरला नेहमीसारखे कंटेनर अडकले होते. त्याचं स्वतःचं गोदाम इथेच होतं. स्वतःचं म्हणजे तो जिथे इन्चार्ज होता ते. माल चढवणारी पोरं तिथे आत्ता डॉकवर बसली असतील आणि म्हणत असतील, आज साहब का टाइम हो गया, साहब दिखे नहीं. ती पोरं हे म्हणताना एकमेकांकडे बघत. झुपक्याच्या दिवसांत दुपारी दोन वाजले की साहेब मागच्या संडासात जाऊन कडी लावतो, बऱ्याच वेळाने बाहेर येतो तेव्हा एक डोळा लाल असतो, नाक गळत असतं आणि पाय ठिकाणावर नसतात, हे त्यांनी पाहिलं होतं आणि आपापसांत निकाल लावून टाकला होता. त्यांचा त्याला राग नव्हता. ती उत्तरेकडून आलेली परकी पोरं. त्यांना कुणीतरी आधीच सांगून ठेवलं होतं, आणि ज्याने सांगितलं होतं त्याला ते आणखी कुणी. असं मागे मागे जात राहिलं की एका मांडवापाशी येऊन थांबावं लागे. तिथे त्याचा थोरला भाऊ दौलत उभा असे, हात वर केलेला.

राहनाळची ती हळद सगळ्या पट्ट्याला आठवत होती. दौलतची मुलगी ऋतिका हिची. शेतांवर गोदामं उभी राहिल्यानंतर घरातलं पहिलं लगीन, म्हणून दौलतने मांडव रस्त्यापर्यंत ओढला होता. मुलाकडचे लोक दुपारीच आले होते, मटणाचा वास सगळीकडे भरला होता आणि बेंजोवाले वाद्यं जुळवत होते. केसरीनाथ पंगतीत वाढत होता. हातात भाकऱ्यांची टोपली होती. उजव्या नाकपुडीत पाण्याची ओळखीची सर उतरली तेव्हा त्याने टोपली कुणाच्या तरी हातात दिली आणि तो मांडवामागे, पाण्याच्या टाकीकडे धावला. पुढचं त्याला तुकड्यातुकड्याने आठवे. टाकीच्या सिमेंटचा गारवा. त्यावर आपटलेलं कपाळ. आपल्याच तोंडातून येणारा, गुरासारखा आवाज. मग माणसांचे पाय, खूप पाय, आणि त्यांच्यात एक लहान पायांची जोडी, पैंजण घातलेली. मृणाली, त्याची मुलगी, तेव्हा शाळेत नुकती जायला लागलेली. आणि मग दौलतचा हात. थोबाडीत बसलेली ती चपराक त्याला लागली नव्हती. त्या दुखण्यात चपराक म्हणजे काहीच नव्हे, माशी बसावी तेवढी. पण शब्द लागले. दौलत सगळ्यांकडे तोंड करून मोठ्याने म्हणाला होता, "प्यायलाय! सकाळपासून पितोय बेवडा! उचला याला, न्या." आणि चार माणसांनी त्याला उचलून भाताच्या जुन्या कोठारात टाकलं होतं, बाहेरून कडी लावली होती. कोठाराच्या फटीतून त्याने बेंजो सुरू झालेला ऐकला होता. लोक नाचत होते.

त्याने कधी दारू घेतली नव्हती असं नाही. पोरवयात, खाडीवर मासे भाजताना, सगळ्यांबरोबर. पण दुखणं सुरू झाल्यापासून त्याला आपोआप कळलं होतं, की एक घोट घेतला की ते येतं. म्हणून त्याने दारू सोडली होती, कुणी न सांगता, त्या हळदीच्या कितीतरी आधी. सगळ्या राहनाळात न पिणारा बाप्या शोधायला गेलं असतं तर बहुधा तोच एकटा सापडला असता. आणि गावाने त्याचं नाव पाडलं, टाकीवाला. टाकी फुल्ल आहे का, असं विचारत आणि हसत. त्याची आई, पुतळाबाई, हळदीनंतर आठवडाभर जेवली नाही. मग त्याला हाताला धरून गावदेवीच्या देवळात घेऊन गेली, त्याच्या हातात नारळ दिला आणि म्हणाली, "सोडली म्हण. माज्यासाठी म्हण." त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि जे कधी धरलंच नव्हतं ते सोडल्याची शपथ घेतली. ती मरेपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, माज्या पोराने आयसाठी दारू सोडली. अभिमानाने सांगायची. तिच्या त्या अभिमानाचा तो धनी झाला आणि त्याला तो दररोज थोडाथोडा नासलेल्या अन्नासारखा आत ठेवावा लागला.

पण या सगळ्याहून वाईट एक गोष्ट होती, जिच्याकडे तो फार वेळ बघत नसे. मृणालीने हळदीनंतर एक सवय लावून घेतली होती. तो कामावरून आला की ती धावत येई, गळ्यात हात टाकी, गाल त्याच्या गालाला लावी. आधीही यायची. पण आता ती गाल लावता लावता क्षणभर थांबे आणि तिचं छोटंसं नाक त्याच्या तोंडाजवळ बारीक हाले. मग ती आत जाई आणि तो पाय धूत असताना त्याला ऐकू येई, ती आईला हळूच सांगतेय, "न्हाय गं, आज न्हाय." ती मोठी झाली, बारावीला गेली. गळ्यात हात टाकणं बंद झालं तेव्हा त्याला वाईट वाटलं नाही, सुटल्यासारखं वाटलं. आपल्या पोरीच्या मिठीतून सुटल्यासारखं वाटावं! रिक्षा काल्हेरच्या कोंडीतून एकदाची बाहेर पडली आणि केसरीनाथने समोरची लोखंडी दांडी इतकी घट्ट धरली, की ड्रायव्हर म्हणाला, "क्या हुआ चाचा, तबियत ठीक है?"

"आज ठीक है," केसरीनाथ म्हणाला.

घरी त्याने सगळं सांगितलं. बायको, हेमाली, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती. तो थांबला तेव्हा तिने पदर तोंडाला लावला. "मना काय ठाव," ती म्हणाली, "दौलत दादूस बोलले, म्हणजे खराच आसंल. मी तुमच्या गाडीची डिकी उघडून बघायची. बाटली गावायची न्हाय, तरी वाटायचा, कुठं तरी ठेवली आसंल." ती रडली. त्याने तिला रडू दिलं आणि जवळ गेला नाही. तिच्या रडण्यात त्याला हवी ती गोष्ट नव्हती. सिलिंडर आला त्या दिवशी मृणालीने दुकानातल्या माणसाकडून चावी कशी फिरवायची, काटा किती ठेवायचा ते नीट शिकून घेतलं, आणि पुढची कळ उठली तेव्हा बापाच्या डोक्यामागे मास्कचा पट्टा तिने ओढून बसवला. ती त्याच्या तोंडाच्या इतक्या जवळ पुष्कळ वर्षांनी आली होती. त्याने डोळे मिटून घेतले, कारण उजवा डोळा तर गळतच होता, पण आता डावाही भरून आला होता.

औषध लागू पडत होतं. एखादा दिवस मोकळा जाऊ लागला. दोन वाजत, सव्वादोन वाजत, आणि तो गोदामातल्या टेबलाशी ताठ बसून वाट बघे, आणि काहीच येत नसे. डॉकवरची पोरं साहेब आज इथेच कसा म्हणून चोरून बघत. दुखण्याने व्यापलेली जागा रिकामी झाली की तिथे दौलत येऊन बसे. इतकी वर्षं दोन झुपक्यांमधल्या काळात तो फक्त दम खात असे, पुढच्या झुपक्याला भीत असे. राग धरायला सवड लागते ती त्याला कधी मिळालीच नव्हती. आता ती मिळाली. चहा निवेपर्यंत थांबणारं दुखणं! आणि त्यासाठी चार दाढा, एक नारळ, एक कोठार, आणि पोरीचं ते नाक. त्याला दौलतचं काहीएक नको होतं. फक्त दौलतने म्हणावं, की माझं चुकलं, मला कळलं नाही. तेवढं म्हणाला की पुरे, असं त्याने स्वतःला बजावलं, आणि एका रविवारी सकाळी तो राहनाळच्या वेशीवरच्या दौलतच्या ऑफिसात गेला.

ऑफिस म्हणजे गोदामांच्या आवारातली काचेची केबिन. काचेतून ट्रक, हमाल, वजनकाटा सगळं दिसे. दौलत आता जाड झाला होता. साखर झाली होती त्याला, पायांत कापडी चपला होत्या. त्याने भावासाठी चहा मागवला आणि सगळं शेवटपर्यंत ऐकलं. दुखण्याचं नाव, गोळ्या, सिलिंडर. ऐकताना टेबलावरचं पेन उभं करत, आडवं करत होता.

"बरा झाला," तो शेवटी म्हणाला. "औशध गावला ना? बरा झाला."

"दादूस, मी प्यायलो नव्हतो."

दौलतने पेन आडवं केलं. "मना ठाव व्हता."

केबिनमधला एसी एकदम मोठ्याने चालतोय असं केसरीनाथला वाटलं. "काय ठाव व्हता?"

"तू प्यायला न्हाय ते. तुजा तोंड माज्या तोंडापाशी व्हता रे. वास न्हवता. आनि बेवड्याचं दोन्ही डोलं लाल व्हतात. तुजा एकच लाल व्हता, एकच गलत व्हता. आनि मी आपल्या बाबाला बघितलाय पिताना, मना कलत न्हाय?" तो बोलता बोलता सरळ झाला, जणू एखादा हिशोबी माणूस एखाद्या साध्या व्यवहाराचं गणित पटवून देतोय. "मुलाकडचे सगले बघत व्हते. टाकीवर डोका आपटतो, गुरासारका वरडतो. त्यांच्यातली एक बाई बोलली पन, फिट येते काय यांच्यात, येडाबिडा हाय काय कोन. आता सांग. प्यायलेला काका सगल्यांच्या घरात असतो. प्यायलेला काका चालतो. येडा काका चालत न्हाय. त्या टायमाला लगीन मोडला असता पोरीचा. मग मी बोललो."

"आनि मंग? नंतर?"

"नंतर काय? नंतर सगला मिटला. परत कशाला उकरायचा?" दौलतने चहा पुढे सरकवला. "पी. थंड व्हतोय."

केसरीनाथ उठला, काचेचं दार ढकलून बाहेर आला आणि वजनकाट्याच्या लोखंडी पाटावर उभा राहिला. काट्यावरच्या पोराने आतून आकडा बघितला आणि हसला. न कळता झालेली गोष्ट माफ करायची तयारी करून तो आला होता. ती तयारी आता हातात तशीच राहिली, लग्न मोडलेल्या घरातल्या अहेरासारखी. दौलतला कळत होतं. आई जेवली नाही तेव्हा त्याला कळत होतं. आई नारळ घेऊन निघाली तेव्हा तो ओट्यावर बसला होता, त्याने तिला थांबवलं नाही. गावात टाकीवाला म्हणून हाक येई तेव्हा तो शेजारी उभा असे. म्हणजे ती एक दुपारची चपराक नव्हती, ती त्याने रोज मारली होती, झोपून उठून, दात घासून, शांतपणे, वर्षानुवर्षं.

पुढचे दिवस केसरीनाथ जेवला, कामावर गेला, पावत्यांवर सह्या केल्या, आणि आतल्या आत दौलतला निरनिराळ्या रीतीने मारत राहिला. कधी त्याला त्याच कोठारात घालून कडी लावली. कधी त्याच्या तोंडातल्या चार दाढा काढल्या, चांगल्या, न किडलेल्या. रात्री उशीवर डोकं ठेवलं की हे चित्रपट आपोआप सुरू होत आणि त्याला त्यांची गोडी लागली. पण प्रत्येक वेळी एक अडचण येई. दौलतला काय झालं असतं म्हणजे त्याला कळलं असतं? चपराक, कोठार, दाढा, ही सगळी बाहेरची कवचं होती. आतलं होतं ते दुखणं. ते दाखवता येत नव्हतं. आणि तेही आता आटत चाललं होतं. एक दिवसाआड, मग दोन दिवसांआड, आणि आलं तरी अर्ध्या जोराने. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, छान, या झुपक्यातून बाहेर पडताय तुम्ही. त्याने फोन ठेवला. ज्या दुखण्याने त्याचं आयुष्य खाल्लं ते जाणार, आणि दौलतने ते एकदाही न पाहता जाणार, या विचाराने त्याचा जीव कासावीस झाला. दुपार होती. मृणाली क्लासला गेली होती, हेमाली गच्चीवर पापड वाळत घालत होती. त्याने सिलिंडर स्कूटरच्या पायाशी उभा केला, मास्क पिशवीत घातला आणि निघाला.

दौलत केबिनमध्ये एकटा होता. केसरीनाथने सिलिंडर टेबलाच्या कडेला उभा केला, दाराची आतली कडी लावली आणि काचेवरचे पडदे ओढले. मग भिंतीतलं कपाट उघडलं. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या बाटल्या तिथे असतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याने पाण्याच्या ग्लासात चांगली चार बोटं ओतली.

"काय करतंस?" दौलत अर्धा उठला.

"तू सगल्यांना सांगितला मी पितो. तुजा शब्द खरा करतो."

घशातून उतरताना ती जळजळली. इतक्या वर्षांनी तिची चव तीच, खाडीवरच्या मासळीच्या धुराची आठवण आणणारी. तो खुर्चीत बसला आणि सिलिंडरची छोटी चावी मुठीत धरली. "आता बस," तो म्हणाला. "थोडा टायम लागतो."

ते दोघे बसले. दौलत आधी ओरडला, मग हसला, मग पोरं बाहेर आहेत, तमाशा नको म्हणाला. पडद्याआडून ट्रक मागे घेणाऱ्याचा आवाज येत होता, आने दो, आने दो. एकदा दौलत म्हणाला, "आय असती तर—" आणि केसरीनाथने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने वाक्य गिळलं. मग उजव्या नाकपुडीत सर उतरली. केसरीनाथला, देवाशपथ, आनंद झाला. "आला," तो म्हणाला. "बघ. नीट बघ. डोला हलवू नको."

आणि तिथेच त्याचा बेत फसला, कारण त्यानंतर दौलत उरलाच नाही. गोळ्यांनी दबलेलं ते, दारूच्या हाकेने आठवड्याभराची भूक घेऊन उठलं होतं. केबिन गेली, भाऊ गेला, सूड गेला. त्या जागेत एकाच गोष्टीला जागा होती. हळद, आई, पोर, जे जे तो इतके दिवस छातीशी धरून पाजत होता त्यातलं काहीसुद्धा आत येऊ शकलं नाही. तो कुठे होता? टेबलाखाली होता, भिंतीशी होता, गुडघ्यांवर होता. कपाळाखाली काहीतरी गार आणि कठीण होतं. मधेच प्लास्टिकचा वास तोंडाजवळ आला आणि त्याने तो हाताने उडवून लावला. कुणीतरी त्याची मूठ उघडायचा प्रयत्न करत होतं, एकेक बोट. त्याने बोटं उघडली नाहीत. का उघडायची नाहीत हे त्याला आठवत नव्हतं, फक्त उघडायची नाहीत एवढं आठवत होतं. आणि लांबून, टाकीच्या तळातून यावा तसा एक आवाज येत होता. तो त्याचा स्वतःचा नव्हता.

ते ओसरलं तेव्हा त्याला पहिल्यांदा दौलतच्या कापडी चपला दिसल्या, एक इकडे, एक तिकडे. मग दौलत. तो जमिनीवर, भावाच्या डोक्याशी बसला होता, मास्क दोन्ही हातांत धरून, जसं काही त्यात पाणी आहे आणि ते सांडेल. त्याची गालफडं ओली होती. शर्टाचं वरचं बटण तुटलं होतं. "चावी दे," तो अजून म्हणत होता, आवाज बसलेला, "चावी दे रे, पाया पडतो तुज्या, चावी दे." इतका वेळ तो हेच म्हणत असला पाहिजे. केसरीनाथने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. हाच चेहरा बघण्यासाठी तो आला होता, आणि तो चेहरा बनत असताना नेमका केसरीनाथच तिथे नव्हता.

बाहेरून दार धडधडत होतं. कुणीतरी खांदा मारला, कडी निखळली, आणि दौलतचा मुलगा भावेश आत घुसला. मागे वजनकाट्याचा पोरगा, चारपाच हमाल, रस्त्यावरून आलेले गावातले दोघेतिघे. भावेशने उलटलेली खुर्ची बघितली, टेबलावरची बाटली बघितली, खाली वाकला आणि त्याच्या नाकाने केसरीनाथच्या तोंडाजवळचा वास घेतला. या वेळी वास होता. तो सरळ उभा राहिला आणि किळसेने म्हणाला, "काका पिऊनच आलाय. बाबा, तुम्ही उठा. मी बघतो याला."

दौलतने मास्क खाली ठेवला. केसरीनाथला दिसलं, की दौलतसमोर पुन्हा तोच सोपा रस्ता उघडा पडला आहे, मागच्यापेक्षाही सोपा, कारण आता पुरावासुद्धा होता. दोन शब्द. ते बोलले की सगळे हसत, हळहळत निघून जाणार होते. दौलतनेही तो रस्ता बघितला. त्याची नजर बाटलीवर गेली, दारातल्या माणसांवर गेली, आणि मुलावर येऊन थांबली.

"न्हाय," तो म्हणाला. "आजारी हाय तो." मग जमिनीकडे बघत, "ऋतिकाच्या हलदीला बी आजारीच व्हता. प्यायला न्हवता. मना ठाव व्हता तवा. मीच खोटा बोललो."

भावेश बापाकडे बघत राहिला. त्या बघण्यात असं काहीतरी हळूहळू उतरत गेलं, की दौलतने हात डोळ्यांवर घेतला, उन्हात घेतात तसा. हे पुरेसं होतं. कुणीही सांगितलं असतं की हे पुरेसं आहे. केसरीनाथ भिंतीला हात लावून उठला. त्याचा उजवा डोळा अजून गळत होता. दाराशी शेवटचा हमाल मान उंच करून, काय म्हणाला सेठ, असं शेजारच्याला विचारत होता. केसरीनाथने आपल्या आत बघितलं. तिथे दया शोधली, आणि ती कुठेतरी असलीच तर अजून फार लांब होती.

"मोठ्याने बोल, दादूस," तो म्हणाला. "मागच्यांना ऐकायला न्हाय गेला."